पाहुण्यासाठी तळं

रविवारी सकाळी क्षमानं गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली, तिच्यावर ओलं पोतं टाकलं आणि पोत्यावर कपडे धुण्याचा निळा टब ठेवला. टबात कासव होतं. ते मान आत घेऊन दगडासारखं पडून होतं. क्षमानं गाडीचं दार हळूच लावलं, तरी टबातलं पाणी हिंदकळून चादरीवर सांडलंच. तिनं ते पाहिलं आणि पुसायच्या भानगडीत पडली नाही.

सासरे, दिवाकरराव, केव्हाचे पुढच्या सीटवर येऊन बसले होते. रेल्वेत गार्ड म्हणून हयात गेलेला माणूस. निघायची वेळ ठरली की तिच्या आधी तयार. काठी गुडघ्यांमध्ये धरून ते समोर पाहत होते.

"पाणी कमी तर नाई न टाकलं?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामाजी."

"ऊन लागंल त्याले. खिडकीच्या बाजूनं टॉवेल लाव."

क्षमा पुन्हा उतरली, टॉवेल आणून काचेत अडकवला आणि गाडी सुरू केली. पुरानी बस्तीच्या त्या बोळातून गाडी बाहेर काढणं म्हणजे एक परीक्षाच. इकडे कुणाची स्कूटर, तिकडे देवळापाशी फुलांची टोपली. रोज शाळेत जाताना हेच. आज रविवार असूनही तेच.

कासवाचं नाव पाहुणा. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात बोळात गुडघाभर पाणी चढलं होतं, आणि ते ओसरल्यावर न्हाणीच्या उंबऱ्याशी हे तळहाताएवढं पिल्लू सापडलं होतं. "पाहुणा आला, राहू द्या दोन दिवस," असं क्षमाच्या सासूबाई, सुशीलाबाई, म्हणाल्या. त्यांनी अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात त्याला सोडलं. दोन दिवसांचा पाहुणा तिथेच राहिला. पुढे सुशीलाबाई गेल्या. मग क्षमाचा नवरा, शेखर, ऑफिसात बसल्या जागी छातीत कळ येऊन गेला. घरातली माणसं कमी होत गेली, पाहुणा तेवढा वाढत गेला. आता त्याची पाठ भाकरीच्या तव्याएवढी झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्या घरात उरली ती सून, सासरा आणि टाक्यातलं कासव.

आणि आता सासराही निघाला होता. उद्या नागपूरहून नणंद, इंदूताई, येणार होती आणि वडिलांना कायमचं घेऊन जाणार होती. इंदूताईला तसा फोन क्षमानंच केला होता. मागच्या दिवाळीत दिवाकरराव न्हाणीत घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून क्षमाला सलग झोप अशी मिळालीच नव्हती. रात्री काठीचा टक्‌ असा आवाज झाला की ती उठायची, दिवा लावायची, त्यांना संडासापर्यंत न्यायची, परत आणायची. डोळा लागतो न लागतो तो पुन्हा टक्‌. सकाळी तिसरीच्या वर्गासमोर उभी राहिली की फळ्यावरची अक्षरं पोहायला लागायची. एकदा तर मुलांना धडा वाचायला सांगून ती खुर्चीत चक्क झोपली. मुलं इतकी गुपचूप बसली होती की जाग आल्यावर तिला रडूच फुटलं. त्या संध्याकाळी तिनं फोन केला.

इंदूताईनं न्यायला येते म्हणून कळवलं, तेव्हा दिवाकररावांनी आदळआपट केली नाही. ते एवढंच म्हणाले होते, "मंग पाहुण्याचं काय? मी गेल्यावर त्याले कोण पाह्यल? टाक्याचं पाणी बदलाले तुले कुठं वेळ हाये?"

शेजारचे भार्गव म्हणाले, कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, वनखात्याला देऊन टाका. ते ऐकल्यावर म्हातारा धास्तावला. इतक्या वर्षांचा गुन्हा म्हणजे काय शिक्षा असेल कुणास ठाऊक. शहरातलं मोठं तळं, बुढातालाब, चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पण तिथे रात्री रोषणाई, कारंजी. "त्याले झोप नाई येणार," म्हणून तेही नाकारलं. शेवटी ठरलं, अभनपूरच्या पलीकडे, राजिम ओलांडून जंगलाच्या अंगाला जायचं. तिकडे गावागणिक तळी आहेत. एखादं चांगलं पाहून तिथे सोडायचं.

क्षमाला वाटलं होतं, दुपारच्या जेवणापर्यंत घरी येऊ.

अभनपूर मागे पडल्यावर रस्त्यालगतच पहिलं तळं लागलं. मोठं होतं, काठावर पिंपळ, पायऱ्या बांधलेल्या. क्षमानं गाडी थांबवली. दिवाकरराव उतरले, काठी टेकत पायऱ्यांपर्यंत गेले. पायऱ्यांवर बाया कपडे धूत होत्या, एक माणूस मोटरसायकल पाण्यात उभी करून घासत होता. पाण्यावर फेस तरंगत होता.

"चला," ते वळून म्हणाले.

"कुठे?"

"पुढं. इथं तो साबण पिऊन मरंल."

राजिम ओलांडलं. नदीत वाळूच जास्त होती. पुढे झाडी लागली आणि हवेत एक गोडसर, आंबूस वास भरून राहिला. चैत लागला होता. मोहाची झाडं फुलं गाळत होती. झाडांखालचा पाला लोकांनी जाळून जमीन काळी, साफ केली होती, म्हणजे पडलेली फुलं वेचायला सोपी. वेचलेली फुलं घरांच्या अंगणात वाळत पडली होती. वाळली की काही विकायची, काही गाळायची. ह्या मुलखाची दारू ह्या झाडांवरच पिकते. काचा बंद असूनही वास गाडीत आला, आणि क्षमाच्या पापण्या जड झाल्या. तिनं गालावर एक चापट मारून घेतली.

"थांबू का जरा?" दिवाकररावांनी विचारलं.

"नको. एकदा थांबले तर मग उठणार नाही मी."

दुसरं तळं आतल्या रस्त्यानं गेल्यावर सापडलं. निळंशार पाणी, चारी बाजूंनी झाडं. क्षमाला वाटलं, झालं काम. तिनं टब गाडीबाहेर उतरवलासुद्धा. तेवढ्यात काठावरच्या खोपटातून एक राखणदार लगबगीनं आला.

"क्या है उसमें?"

"कछुआ है भैया. छोड़ना है."

"अरे नहीं नहीं! मछली का बीज डाला है, ठेके का तालाब है. ये तो सब खा जाएगा. ले जाओ, ले जाओ."

"हा काय खाते तुमची मासोळी?" दिवाकरराव मराठीतच त्याच्यावर तापले. "ह्यानं जन्मभर वरण-भात खाल्ला हाये! वरण-भात!"

राखणदाराला वरण-भात कळला नाही, पण म्हाताऱ्याची काठी कळली. तो टबाच्या आडवा उभा राहिला. क्षमानं टब उचलून परत गाडीत ठेवला. या वेळी अर्धंअधिक पाणी तिच्या सलवारीवर सांडलं. ते गार होतं आणि त्याला शेवाळाचा वास होता.

तिसरं तळं तळं उरलंच नव्हतं. भेगाळलेली माती, मधोमध चिखलाचं डबकं आणि त्यात दोन म्हशी. दिवाकरराव तरी उतरले, काठापर्यंत गेले, आणि बराच वेळ त्या म्हशींकडे पाहत राहिले. क्षमा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. दुपार चढली होती. सोबत आणलेल्या पोळ्या नि बटाट्याची भाजी त्यांनी तिथेच, गाडीची दारं उघडी टाकून खाल्ली. दिवाकररावांनी पोळीचा तुकडा चुरून टबात टाकला. कासवानं नाक वर काढून तो ओढला.

"घाबरला नाई तो," ते म्हणाले. "खाऊन राहिला."

क्षमानं डबा बंद केला. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंसुद्धा कधी कधी ओझं होतं.

चौथं तळं त्यांना तसं चुकूनच मिळालं. परत फिरताना क्षमा एक वळण चुकली आणि कच्चा रस्ता मोहाच्या राईत जाऊन संपला. समोर लहानसं तळं. निम्मं कमळाच्या पानांनी झाकलेलं, पाणी काळपट पण स्वच्छ. मध्यभागी पाण्यात एक जुना लाकडी खांब रोवलेला. साबण नाही, राखणदार नाही. पाणकोंबड्या पानांवरून तुरुतुरु पळत होत्या.

क्षमानं गाडी बंद केली. इंजिनाचा आवाज थांबल्यावर फुलं पडल्याचा आवाज येऊ लागला. टप्. टप्.

दिवाकरराव काठावर गेले. वाकून पाण्यात काठी घातली, खोली पाहिली. दुसरीकडे जाऊन पुन्हा घातली.

"उथळ हाये."

"मामाजी, मध्ये खोल असेल न."

"मे महिन्यात आटंल हे. मंग तो कुठं जाईल? अन् गावातल्यांनी पाह्यलं तर पकडून भाजून खातील."

"मग काय करायचं?"

"पाहू अजून एखादं. पुढच्या गावाकडं."

क्षमानं त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता, आणि तोंडावर तोच हट्ट होता जो शेखरच्याही तोंडावर असायचा. तिला कळत होतं. पुढच्या गावाकडचं तळं खोल निघेल पण गढूळ असेल, त्याच्या पुढचं स्वच्छ असेल पण उघड्यावर असेल. संध्याकाळ होईल, टब पुन्हा घरी जाईल.

"येतो मी जरा," म्हणून दिवाकरराव काठी टेकत एका जाड खोडाच्या मागे गेले. त्यांना वेळ लागायचा.

क्षमानं फार विचार केला नाही. गाडीचं दार उघडलं, टब उचलला, कमरेवर घेतला आणि काठाशी गेली. चपला न काढताच घोटाभर पाण्यात उतरली. टब तिरका केला. पाणी गेलं, पोळीचे भिजलेले तुकडे गेले, आणि शेवटी कासव घसरून पाण्यात पडलं. ते क्षणभर तिच्या पायाशीच थांबलं. मग त्याची लांब मान बाहेर आली, चारी पाय एकदम हलले, आणि ते कमळाच्या देठांमध्ये शिरून दिसेनासं झालं. इतक्या झपाट्यानं ते जाऊ शकतं हे तिला माहीतच नव्हतं. टाक्यात तेवढी जागा कुठे होती?

रिकामा टब हातात घेऊन ती वळली, तर दिवाकरराव झाडापाशी उभे होते.



"मले सांगायचं तर होतं," ते म्हणाले.

"तुम्ही हो म्हटलं असतं?"

"नाई."

"मग?"

"मंग काही नाई." ते हळूहळू आले, काठावर बसायचा प्रयत्न केला. क्षमानं टब टाकून त्यांना आधार दिला, तेव्हा कुठे बसता आलं. पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "इंदूले फोन केला तोही असाच. मी आंघोळीले गेलो तेव्हा."

 त्यांना हे माहीत असेल असं क्षमाला कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"नळ बंद केला अन् तुझा आवाज आला. मी मंग पुन्हा नळ सुरू केला."

ती त्यांच्या शेजारी मटकन बसली. सलवार आधीच ओली होती, माती लागायची काय काळजी.

"थकले हो मी, मामाजी," ती म्हणाली. हे वाक्य तिनं इंदूताईला सांगितलं होतं, शाळेतल्या मैत्रिणीला सांगितलं होतं, देवासमोरही म्हटलं होतं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना आज पहिल्यांदा सांगत होती. "तुमचा राग नाही मला. झोप नाही, बस्स. बाकी काही नाही. कुणी मला सांगितलं न, इथेच जमिनीवर पड, तर पडेन मी."

"मले माहीत नाई का?" दिवाकरराव म्हणाले.  "रोज रातच्याले मी जागा राह्यतो. तू घोरायले लागली की मंगच उठतो. तोवर दाबून पडून राह्यतो. कधी कधी लय वेळ. वाटते, तुले न उठवता हळूच जाऊ, काठी नाई टेकू. पण काठीशिवाय पाय उचलत नाई न बापा."

क्षमा त्यांच्याकडे पाहत राहिली. इतके दिवस अंधारात आपण एकटीच जागी आहोत असं तिला वाटत होतं. भिंतीच्या पलीकडे हा माणूस तिच्या घोरण्याची वाट पाहत पडून असायचा.  ती एवढंच म्हणाली, "असं दाबून ठेवत जाऊ नका. किडनीला वाईट असतं."

"हव," ते म्हणाले.

तेवढ्यात राईतून एक म्हातारी बाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत मोहाची फुलं. परकी गाडी पाहून ती थबकली. दिवाकररावांनी तिला हात केला आणि तिच्या बोलीत विचारलं, हे तळं सुकतं का उन्हाळ्यात?

"नइ सुखाय, बाबू," ती म्हणाली आणि पाण्यातल्या खांबाकडे बोट केलं. "एकर बिहाव होय हे."

"काय म्हणते?" क्षमानं विचारलं.

"तळ्याचं लग्न लागलं हाये म्हणते. इकडची रीत हाये ही. तळं खोदलं की गाव त्याचं लग्न लावते, मधात खांब गाडते. तवा कुठं त्याचं पाणी पूजेले चालते." मग त्यांनी बाईला आणखी विचारलं, तुम्ही लोक कासव खाता का?

बाईनं तोंड वाकडं केलं. "हमन नइ खान." आणि ती हसली. इतक्या लांबून शहरातली माणसं येतात आणि हे विचारतात! जाताना तिनं टोपलीतली मूठभर फुलं क्षमाच्या ओंजळीत टाकली.

फुलं मऊ होती, फिकट पिवळी, आतून रस भरलेली. दिवाकररावांनी एक तोंडात टाकलं, क्षमानंही टाकलं. आधी गोड लागलं, मग घशाशी जरा कडवट, उग्र. तिनं आणखी दोन खाल्ली. ऊन झाडांतून तुकड्यातुकड्यानं येत होतं.

"पाच मिनिटं पडते," ती म्हणाली, आणि गाडीतून चादर आणायचेही कष्ट न घेता तिथेच, मोहाच्या बुंध्याशी, हात उशाला घेऊन आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. क्षणभर तिला आपण कुठे आहोत हेच समजेना. अंगावर टॉवेल होता, गाडीच्या काचेत अडकवला होता तोच. केसांत, दुपट्ट्यावर, तळव्याशी फुलं पडली होती. दिवाकरराव तिच्यापासून हातभर अंतरावर खोडाला टेकून बसले होते आणि काठीनं मुंग्या लांब सारत होते.

ती धडपडत उठली. "उठवलं का नाही मला? तुम्ही असे बसून... कंबर..."

"काहून उठवू? कोणती गाडी चुकून राहिली होती?" ते म्हणाले. "दोन बाया आल्या होत्या. बीमार हाये का पोट्टी, म्हणत होत्या. म्हटलं, नाई, निजली हाये. बोलू नका."

पन्नाशीला आलेल्या क्षमाला पोट्टी म्हटलेलं ऐकून कसनुसं झालं. तिनं पदर झटकावा तसा दुपट्टा झटकला.

"टॉवेल आणायला गाडीपर्यंत तुम्ही गेलात? एकटे?"

"गेलो. दोनदा बसलो मधात." त्यात थोडी फुशारकी होती. मग पाण्याकडे पाहून ते म्हणाले, "त्यानं एकदा डोकं काढलं होतं वर. तिकडं, खांबापाशी. मी हाक मारली. त्यानं नाई पाह्यलं."

"तळं मोठं दिसलं असेल न त्याला?"

"हव. लय मोठं."

त्यांना उभं करायला वेळ लागला. बसून बसून पाय लाकडासारखे झाले होते. क्षमानं काखेत हात घालून उचललं, त्यांनी तिच्या खांद्यावर भार टाकला, आणि तसेच दोघं गाडीपर्यंत गेले.  राजिमच्या पुलावर दिवाकरराव झोपी गेले, आणि गाडी खड्ड्यात आदळली तरी अभनपूरपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

सोमवारी इंदूताई आली. तिनं वडिलांची पेटी भरली, औषधं वेगळ्या पिशवीत घेतली, क्षमाचे हात धरून "तू खूप केलंस गं," असं पुन्हा पुन्हा म्हणाली. क्षमाच्या मनात एकदा आलं, म्हणावं, राहू द्या. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कारण ते खरं नव्हतं, आणि दिवाकररावांनाही ते माहीत होतं. स्टेशनवर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गार्डाच्या डब्याकडे पाहत म्हणाले, "वेळेवर सुटंल असं वाटून राहिलं." गाडी थोडी उशिरानंच सुटली.

क्षमानं शाळेला रजा टाकली होती. मंगळवारी ती दिवस चांगला वर आल्यावर उठली, चहा केला, पुन्हा झोपली. दुपारी फोन वाजला. आधी इंदूताई बोलली. बाबा नीट जेवत नाहीत, उकाड्याची तक्रार करतात, रात्री अंधारात संडासाऐवजी देवघरात गेले. मग फोन दिवाकररावांकडे गेला.

"निजली होती का?"

"हो."

"मंग नीज."

एवढं बोलून त्यांनी फोन खाली ठेवला, पण तो बंद करायचं त्यांना जमलं नाही. क्षमा कानाशी धरून ऐकत राहिली. तिकडे मिक्सर फिरत होता, कुणीतरी हिंदीत भाजीवाल्याशी बोलत होतं, आणि मध्येच फरशीवर काठी टेकल्याचा आवाज आला. ती सवयीनं अर्धवट उठून बसली. मग आठवलं, आणि ती परत आडवी झाली. फोन तिनं उशीजवळ तसाच चालू ठेवला.